सेन्समेकर : विलीनीकरणानंतर कर्मचारी काय सांगतात ते ऐकण्याचं साधन

१ एप्रिल २०२० ला ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया या दोन बँका पंजाब नॅशनल बँकेत विलीन झाल्या. जुनी चेकबुकं १ ऑक्टोबर २०२१ पासून चालणार नाहीत, ही सूचना नंतर निघाली तेव्हा तिच्यात या बँकांची नावं 'ई-ओबीसी' आणि 'ई-युनी' अशी होती. हा 'ई' इंग्रजी 'अर्स्टव्हाइल'चा (erstwhile), म्हणजे पूर्वाश्रमीची. मराठीत हा शब्द आपण संन्याशासाठी किंवा लग्न झालेल्या बाईच्या आधीच्या नावासाठी वापरतो, आणि विलीन झालेल्या बँकेतल्या माणसाच्या मनात जे चाललेलं असतं त्याच्या तो फार जवळ जातो. आपल्याकडे वीज मंडळाचं विभाजन होऊन ६ जून २००५ ला वेगळ्या कंपन्या झाल्या, पण गावात लाइनमन अजूनही 'बोर्डाचा माणूस' असतो.

अशा एका अक्षरात किंवा जुन्या नावात जी गोष्ट मावलेली असते ती सर्वेक्षणात सापडत नाही. 'विलीनीकरणाबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? एक ते पाच गुण द्या' असं विचारलं की तीन हे उत्तर येतं. बदली लांब झाली म्हणून तीन की ज्येष्ठता यादीत खाली गेलो म्हणून तीन, हे त्या आकड्यात नसतं. ही उणीव भरून काढायचा दावा करणारं जे साधन आहे, त्या सेन्समेकरचं हे परीक्षण आहे. विलीनीकरण, नवी संगणक प्रणाली किंवा कंपनीचं विभाजन अशा बदलातून जाणाऱ्या संस्थेनं ते घ्यावं का, घेतलं तर कसं वापरावं आणि कुठे फसतं, एवढंच इथं पाहायचं आहे.

सेन्समेकर डेव्ह स्नोडन यांनी विकसित केलं. आयबीएममधून बाहेर पडल्यावर त्यांनी कॉग्निटिव्ह एज ही संस्था काढली, तीच आज द कनेविन कंपनी या नावानं काम करते. साधन वेबवर किंवा मोबाइलवर चालतं. कर्मचाऱ्याला एक प्रश्न दिसतो, त्यावर तो घडलेला एक प्रसंग लिहितो किंवा बोलून रेकॉर्ड करतो, त्याला स्वतःच शीर्षक देतो. इथपर्यंत कुठलाही ऑनलाइन फॉर्म हे करू शकेल. खरी गंमत पुढे आहे. प्रसंग लिहून झाला की त्याचा अर्थ काय, हेही तोच कर्मचारी सांगतो. त्याच्यासमोर त्रिकोण येतो, तीन कोपऱ्यांवर तीन शब्द असतात, आणि आपली गोष्ट कुठल्या कोपऱ्याच्या किती जवळ जाते ते तो आतला ठिपका सरकवून दाखवतो. त्रिकोणांखेरीज दोन टोकांच्या पट्ट्या असतात, शिवाय आडव्या-उभ्या अक्षांच्या चौकोनात 'खडे' ठेवण्याचा एक प्रकार असतो. शेवटी नोकरीची वर्षं वगैरे माहिती.

अर्थ सांगणाऱ्यानंच लावायचा, हा या साधनाचा कणा आहे. तो का महत्त्वाचा, हे कार्यालयात गोष्टी कशा सांगितल्या जातात ते पाहिल्यावर कळतं. डेव्हिड बोजे यांनी कार्यालयीन सामान पुरवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीतली बोलणी रेकॉर्ड करून १९९१ मध्ये त्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरीच्या जागी पूर्ण गोष्ट जवळजवळ कुणी सांगत नाही, तुकडे टाकले जातात आणि उरलेलं ऐकणारा भरतो, असं त्यात दिसलं. आपल्या कुठल्याही शाखेत दुपारच्या डब्याला बसा, हेच ऐकू येईल. 'परत जोशीसाहेबांसारखं होणार' एवढं एक वाक्य पुरतं. टेबलाभोवतीच्या पाचही जणांना त्यामागचा अख्खा प्रसंग ठाऊक असतो. बाहेरून आलेला सल्लागार हे वाक्य वाचून 'नकारात्मक' असा शिक्का मारतो आणि पुढे जातो. ते वाक्य इशारा म्हणून आलं की दिलासा म्हणून, हे सांगणाराच सांगू शकतो. सेन्समेकरचा ठिपका नेमकं तेवढंच काम करतो.

दुसरं कारण असं, की एकाच घटनेच्या गोष्टी गटागटानं वेगळ्या आकाराच्या होतात. अँड्र्यू ब्राउन आणि मायकेल हम्फ्रीज यांनी ब्रिटनमधल्या दोन महाविद्यालयांच्या विलीनीकरणाचा अभ्यास २००३ मध्ये मांडला. वरिष्ठ व्यवस्थापकांनी सांगितलेली गोष्ट वीरकथेसारखी होती, दोन्ही मूळ महाविद्यालयांतल्या कर्मचाऱ्यांच्या गोष्टी शोकांतिका होत्या. म्हणजे विलीनीकरण एकच, पण त्याच्या कथा तीन गट आपापल्या तऱ्हेनं सांगत होते. अशा ठिकाणी सगळ्यांची सरासरी काढली तर हाती लागतं ते कुणाचंच नसतं. सेन्समेकरमध्ये मूळ संस्थेनुसार ठिपक्यांना रंग देता येतो, आणि दोन रंगांचे पुंजके त्रिकोणात दोन ठिकाणी बसलेले दिसले की पुढच्या बैठकीत बोलायला ठोस काही मिळतं.

आता प्रश्न, त्रिकोण आणि पट्ट्या यांची रचना. इथंच निम्म्याहून जास्त काम आहे, आणि विकत घेणारे नेमके याच भागावर घाईत असतात.

सुरुवातीचा प्रश्न मत विचारणारा नसावा. 'विलीनीकरणाचा तुमच्या कामावर काय परिणाम झाला?' असं विचारलं की परिपत्रकाच्या भाषेत उत्तर येतं : सुरुवातीला अडचणी आल्या, आता सुरळीत आहे. त्याऐवजी असं विचारावं : 'एक एप्रिलनंतर कामावर घडलेला असा एक प्रसंग सांगा, जो त्या दिवशी घरी गेल्यावर तुम्ही सांगितलात.' घरी सांगितलेल्या प्रसंगात माणसं, जागा, वेळ आपोआप येतात, कारण ऐकणारा शाखेतला नसतो. आलेलं उत्तर गोष्ट आहे की मत, हे तपासायची सोपी कसोटी म्हणजे त्यात कुणीतरी काहीतरी केलेलं असावं. चाचणीला वीस-पंचवीस जण घ्या, आणि निम्मी उत्तरं या कसोटीला उतरली नाहीत तर प्रश्न बदला. माणसं बदलून उपयोग नाही.

त्रिकोणाचे तीन कोपरे तोलाला तोल हवेत. तिन्ही चांगले, नाहीतर तिन्ही सारखेच साधे. एक कोपरा 'टीमवर्क' आणि दुसरा 'गोंधळ' ठेवला की माणूस कुठला ठिपका शोभेल याचा विचार करतो आणि गोष्ट विसरतो. बँकेच्या विलीनीकरणासाठी चालेल असा एक त्रिकोण : 'या प्रसंगात निर्णय कशाच्या आधारानं झाला?' कोपरे : लेखी नियम, जुना अनुभव, वरून आलेला फोन. यात 'वरून आलेला फोन' ही शब्दयोजना जपून ठेवावी. तिथं 'वरिष्ठांचे मार्गदर्शन' असं लिहिलं की कोपरा मेला. आणखी एक : 'या प्रसंगात कुणाचा विचार आधी झाला?' कोपरे : ग्राहक, सोबतचे कर्मचारी, टार्गेट.

पट्टीचं गणित उलटं असतं. तिथं दोन्ही टोकं नकोशी ठेवायची, एकीकडे अति आणि दुसरीकडे अभाव. 'या प्रसंगातला माणूस...' असं म्हणून एका टोकाला 'प्रत्येक बारीकसारीक गोष्टीला वर विचारतो' आणि दुसऱ्या टोकाला 'कुणालाच न विचारता करून टाकतो'. दोन्ही टोकं वाईट असल्यामुळे शोभेचं उत्तर उरत नाही, माणूस खरं सांगतो.

मराठीत रचना करताना सगळ्यात मोठी चूक भाषांतराची होते. इंग्रजी चौकट, म्हणजे प्रश्न-त्रिकोण-पट्ट्यांचा तयार संच, आणायची आणि कोपऱ्यांवर 'सक्षमीकरण', 'लवचिकता', 'सहयोग' असे शब्द चिकटवायचे, असं केलं की कर्मचाऱ्याला आपण प्रशिक्षण वर्गात बसल्यासारखं वाटतं. शब्द शाखेतूनच उचलावेत. 'बदल' हा शब्दसुद्धा सांभाळून वापरावा, कारण सरकारी किंवा बँकेच्या नोकरीत तो शब्द ऐकताच आधी 'बदली' आठवते, आणि मग सगळ्या गोष्टी रत्नागिरीहून नागपूरला पाठवलेल्या कुणाच्या तरी होतात. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच, पण नव्या प्रणालीवर पहिल्या आठवड्यात दिवसअखेरीचा ताळा रात्री उशिरापर्यंत का जुळत नव्हता, ते त्यांच्याखाली दबून जातं. अरबीसारख्या भाषेतही हे साधन नीट चालतं. लेबनॉनमध्ये २०१६ साली सीरियन निर्वासितांमधल्या बालविवाहांवर यानं अरबीत हजारावर गोष्टी गोळा केल्या गेल्या. तेव्हा देवनागरी किंवा मराठी ही तांत्रिक अडचण समजू नका, अडचण शब्द निवडण्याची आहे.

शब्द मिळवायचे तर आधी कथा-वर्तुळं घ्यावीत. सहा ते दहा जण, एकाच पातळीवरचे, दीड तास, खुर्च्या गोल, मध्ये टेबल नको. क्लार्कच्या वर्तुळात शाखाधिकारी नको आणि शाखाधिकाऱ्यांच्या वर्तुळात झोनल ऑफिसचं कुणी नको. दोन्ही मूळ बँकांतली माणसं पहिल्या फेरीत वेगळी बसवावीत, कारण एकत्र बसली की दोन्हीकडचे पाहुण्यांसमोर बोलावं तसं बोलतात. चालवणाऱ्यानं 'का' विचारू नये. 'का' म्हटलं की माणूस गोष्ट सोडून समर्थन देऊ लागतो. 'मग काय झालं?' आणि 'असं आणखी कुणाच्या बाबतीत?' एवढे दोन प्रश्न पुरतात. दुसरी गोष्ट पहिलीच्या पाठीवर येते, तिसरी दुसरीला खोडते, आणि त्या खोडण्यातच कोपऱ्यांचे शब्द सापडतात. अशी तीन-चार वर्तुळं झाली की त्रिकोण जवळजवळ तयार असतात. हे काम न करता थेट सॉफ्टवेअरवर जाणाऱ्यांना पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, आणि ते वाया गेलेलेच असतात.

किती त्रिकोण? सहाच्या वर नकोत. पट्ट्या दोन-तीन, खड्यांचा चौकोन एक. संपूर्ण फॉर्म पंधरा मिनिटांत झाला पाहिजे, कारण काउंटरवरच्या माणसाला त्याहून जास्त वेळ सलग मिळत नाही. प्रत्येक त्रिकोणाला 'माझ्या गोष्टीला लागू नाही' असा चौकोन हवाच. तो नसला तर ज्याला प्रश्न कळला नाही तो ठिपका बरोबर मधोमध सोडतो, आणि मधला तो पुंजका पाहून 'कर्मचाऱ्यांना तिन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात' असा निष्कर्ष अहवालात येतो. मध्यभागी दाटी दिसली की आधी प्रश्नावर संशय घ्यावा.

कुठल्या महिन्यात राबवायचं हेही ठरवून ठेवा. मार्च नको, तिमाही अखेर नको, आणि बदल्यांची यादी लागली की पुढचे काही आठवडे नकोच. युनियनला आधी सांगावं, फॉर्म दाखवून सांगावं. मागाहून कळलं तर त्यांचा आक्षेप रास्त ठरतो.

आता सर्वात नाजूक जागा : ओळख. साधन नाव विचारत नाही, पण सात माणसांच्या शाखेत नाव लागत नाही. शाखा, हुद्दा आणि स्त्री की पुरुष एवढं विचारलं की माणूस सापडला. म्हणून तीनच गोष्टी विचाराव्यात : मूळ संस्था कुठली, नोकरीची वर्षं (पाचच्या आत, पाच ते पंधरा, पंधराच्या वर), आणि कामाची जागा शाखा की कार्यालय. दहापेक्षा लहान गटाचे ठिपके वेगळे करून दाखवू नयेत, हा नियम करारातच लिहून घ्यावा. गोष्टीच्या मजकुरातून ओळख फुटते तो धोका वेगळा : 'आमच्या लॉकरची किल्ली सांभाळणाऱ्या मॅडम' म्हटल्यावर त्या कोण हे सगळ्यांना कळतं. त्यासाठी प्रत्येक गोष्टीखाली ती कुणी वाचायची हे सांगणाऱ्यानं ठरवावं. फक्त अभ्यास करणाऱ्यांनी, व्यवस्थापनानं, की सगळ्यांनी. कर्मचारी क्रमांकानं लॉगिन करायला लावू नये, कार्यालयाच्या नेटवर्कवरूनच भरायची सक्तीही नको. गोष्टी कुठल्या देशातल्या सर्व्हरवर राहतात, किती दिवस राहतात आणि कोण पुसतं, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावं. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून हा प्रश्न विचारायला कुणी संकोच करण्याचं कारण नाही.

ठिपके जमले की पडद्यावर नकाशासारखं चित्र येतं. ते फार देखणं असतं, आणि तोच त्याचा धोका. चित्र पाहून बैठकीत लोक माना डोलावतात आणि गोष्टी वाचायच्या राहून जातात. पुंजका हे फक्त दार आहे. पुंजक्यातल्या दहा-पंधरा गोष्टी छापून घ्याव्यात, विरुद्ध कोपऱ्यातल्या चार-पाच एकट्या गोष्टीही घ्याव्यात, आणि दोन्ही मूळ संस्थांतल्या माणसांसमोर मोठ्यानं वाचाव्यात. सगळ्यांनी वाचाव्यात अशी परवानगी दिलेल्याच, अर्थात. मग विचारायचा प्रश्न साधा असतो : या गोष्टीसारख्या गोष्टी जास्त घडाव्यात आणि त्या गोष्टीसारख्या कमी, यासाठी पुढच्या महिन्यात शाखेत काय करता येईल? स्नोडन यांचा भर याच प्रश्नावर असतो, आणि तो योग्य आहे, कारण 'बदलाचा स्वीकार वाढवा' अशा ध्येयावर काउंटरवरचा माणूस सोमवारी सकाळी काहीच करू शकत नाही. 'सही न जुळलेल्या जुन्या खातेदाराला तीन खेपा घालायला लावल्याच्या गोष्टी कमी व्हाव्यात' यावर करू शकतो.

किती गोष्टी लागतात? शंभराच्या आत ठिपके विखुरलेले राहतात आणि डोळा मुळात नसलेली नक्षी शोधू लागतो. दोन-तीनशेपासून पुढे पुंजक्यांवर भरवसा ठेवता येतो, त्यातही मूळ संस्थेनुसार रंग पाडायचे तर प्रत्येक रंगाला पुरेसे ठिपके हवेत. शिवाय स्वेच्छेनं भरलेल्या फॉर्ममधले ठिपके अख्ख्या संस्थेचं प्रमाण सांगत नाहीत. 'साठ टक्के कर्मचाऱ्यांना फोनवरून निर्णय येतात असं वाटतं' असं वाक्य यातून कधीही काढू नये. 'आलेल्या गोष्टींत फोनच्या कोपऱ्याला मोठा पुंजका आहे' एवढंच म्हणता येतं, आणि कामाला तेवढं पुरतं.

साधनाची मूळची मर्यादाही सांगायला हवी. मोबाइलवर गोष्ट सांगताना समोर ऐकणारा नसतो. डब्याच्या टेबलावर गोष्ट अडवली जाते, दुरुस्त होते, कुणीतरी 'तसं नव्हतं ते' म्हणतं, आणि त्यातूनच लोक बदलाचा अर्थ लावत असतात. फॉर्मवरची गोष्ट यातून सुटते, ती एकट्याची राहते. म्हणून सेन्समेकरला कथा-वर्तुळाची जागा घेऊ देऊ नये, वर्तुळ आधीही हवं आणि निष्कर्ष वाचतानाही हवं. विश्लेषणाचा भाग शिकल्याशिवाय हाताळता येत नाही, हीसुद्धा अडचणच. कोटेशन मागताना परवाना, चौकटीची रचना, प्रशिक्षण आणि विश्लेषण या चार ओळी वेगळ्या मागा. एकत्र आकडा आला तर रचनेचे दिवस सगळ्यात आधी कापले जातात.

व्यवस्थापनाच्या एका मोहानं हे साधन कायमचं निकामी होतं. आलेल्या गोष्टींतल्या चार गोड गोष्टी निवडून गृहपत्रिकेत छापणं, हा तो मोह. दुसऱ्या फेरीला मग सगळे गृहपत्रिकेसाठी लिहितात. खरं दुखणं तिथं मावत नाही. बँक ऑफ बडोदात विजया आणि देना बँका १ एप्रिल २०१९ ला विलीन झाल्या, तेव्हा हजार शेअरमागे विजयाच्या भागधारकाला बडोदाचे ४०२ आणि देनाच्या भागधारकाला ११० शेअर मिळाले. मूल्यांकनाच्या हिशेबानं हे दोन आकडे सरळ आहेत. १९३१ मध्ये मंगळुरूत सुरू झालेल्या विजया किंवा १९३८ मध्ये देवकरण नानजी कुटुंबानं मुंबईत उभ्या केलेल्या देना बँकेत उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला त्या आकड्यांतून काय ऐकू येतं, ते गृहपत्रिकेत येणारं नसतं. ते ऐकायची तयारी नसेल तर साधन घेऊ नये. अर्धवट ऐकून सोडून देण्यापेक्षा न विचारलेलं परवडलं.

दीड-दोनशे माणसांची पतसंस्था किंवा लहान नागरी सहकारी बँक असेल तर सॉफ्टवेअरची गरज नाही, कागद पुरतो. ए-फोर कागदाच्या एका बाजूला गोष्टीसाठी रेघा, दुसऱ्या बाजूला दोन समभुज त्रिकोण, बाजू ११.५ सेंटिमीटर. या मापाला कारण आहे. अशा त्रिकोणाची उंची जवळजवळ १०० मिलिमीटर होते, आणि समभुज त्रिकोणात आतल्या कुठल्याही ठिपक्यापासून तिन्ही बाजूंच्या लंब अंतरांची बेरीज उंचीइतकीच भरते. म्हणजे ज्या कोपऱ्याचा वाटा हवा त्याच्या समोरच्या बाजूपासून काटकोनात पट्टीनं मोजा, आलेले मिलिमीटर म्हणजेच टक्के. तीन मापं एक्सेलमध्ये भरा, बेरीज ९८ ते १०२ च्या बाहेर गेली तर मोजण्यात चूक आहे, परत मोजा. मोजायचं नसेल तर पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर त्रिकोण छापून घ्या आणि प्रत्येक कागदावर ती ठेवून मार्करनं ठिपका उतरवा, एका मूळ संस्थेला निळा, दुसरीला लाल. कागदावर नाव नको, फक्त अनुक्रमांक आणि मूळ संस्था असावी. पेटी कुलूपबंद हवी आणि ती शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये ठेवू नये, जिन्यापाशी किंवा पाण्याच्या कूलरजवळ ठेवावी. हस्ताक्षर ओळखलं जाण्याची भीती असते, म्हणून गोष्टी बाहेरच्या माणसाकडून टाइप करून घ्याव्यात आणि मूळ कागद त्याच आठवड्यात सर्वांसमोर फाडावेत. हे फाडणं लोकांना दिसलं पाहिजे. पुढच्या फेरीत पेटीत किती कागद पडतात ते त्यावरच ठरतं.